छोट्या स्कूटरचा पिकअप घरीच वाढवायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

चढणवाट
नमस्कार मंडळी. १२५ सीसी, एअर-कूल्ड, दोन व्हॉल्व्हची, कार्बोरेटरवाली ऑटोमॅटिक स्कूटर आहे, जीवाय६ घराण्यातलं इंजिन. सपाटीवर तक्रार नाही. डबलसीट चढाला मात्र थ्रॉटल पूर्ण पिळूनही इंजिन दबलेलंच राहतं, रेस वर जातच नाही. शिवाय थांबलेली गाडी निघताना पहिले दोन-तीन सेकंद नुसता आवाज येतो, ओढ येत नाही. काम घरीच करायचं आहे. सॉकेटचा सेट, टॉर्क रेंच, व्हर्नियर आणि फिलर गेज हाताशी आहेत.

बाजारात बिग बोअर किट, ओपन सायलेन्सर, कोन फिल्टर, रेसिंग सीडीआय (ठिणगीची वेळ आणि रेसची मर्यादा ठरवणारा डबा), हलके रोलर, कडक स्प्रिंग असं सगळं मिळतं. यातलं आधी काय, नंतर काय आणि काय मुळीच नको? मला वाटतं ब्लॉक-पिस्टन मोठा केला की मुळावरच इलाज होतो, बाकी सगळं वरवरचं. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

पाना_चौदा
नाही पटत. कारण तुमच्याच वाक्यात आहे: "रेस वर जातच नाही". या जातीचं इंजिन आपली पूर्ण ताकद साधारण ७००० ते ८००० आरपीएमच्या पट्ट्यात देतं. चढावर ते ५००० च्या आसपास अडकून पडलं असेल, तर आहे तीच ताकद तुम्ही वापरत नाही आहात. ब्लॉक मोठा करून तेच ट्रान्समिशन ठेवलंत तर मोठं इंजिनही त्याच रेसला अडकेल.

पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहा रोलर असतात. रेस वाढली की ते बाहेर फेकले जातात, पुलीचे दोन फेस जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. तेवढाच तो मागच्या पुलीत खाली उतरतो, आणि तिथली मोठी स्प्रिंग त्याला विरोध करते. या दोन जोरांचा तोल जिथे साधतो तो त्या क्षणीचा गिअर. रोलर जड असतील तर गिअर लवकर वर पडतो आणि इंजिन दबून चालतं. हलके असतील तर इंजिन वरच्या रेसला मोकळं राहतं. म्हणून सुरुवात ट्रान्समिशनपासून. इंजिनाचं बघू नंतर.

बेल्ट_बदला
पानासाहेबांशी सहमत, पण एक पायरी त्याच्याही आधीची आहे. गाडी मूळ तब्येतीला आणल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. झिजलेल्या गाडीवर हलके रोलर टाकले तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा. या इंजिनाच्या शॉर्ट केसला (आखूड ट्रान्समिशन केस) बहुधा ७४३-२०-३० आणि लाँग केसला ८४२-२०-३० बेल्ट लागतो. मधला आकडा रुंदी, म्हणजे नवा असताना २० मिमी. एक मिमीहून जास्त झिजला असेल तर काढून टाका. अरुंद बेल्ट पुढच्या पुलीत पूर्ण वर चढत नाही, त्यामुळे टॉप स्पीड जातो. मागच्या पुलीतही तो खोल बसतो, त्यामुळे सुरुवातीची ओढही कमी होते. दोन्हीकडून नुकसान.

रोलर बाहेर काढून बोटांत फिरवून बघा. एका बाजूला चपटा भाग लागला की तो रोलर लोळत नाही, घसरतो. आणि मधेच अडकतोही, मग गिअर एका जागी रुतल्यासारखा राहतो. रोलरच्या मागच्या रॅम्प प्लेटच्या तीन प्लास्टिक गाइड सैल झाल्या असतील तर त्याही बदला, काही रुपड्यांचंच काम आहे, पण त्या सैल असल्या की प्लेट खडखडते.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट. इंजिन पूर्ण गार हवं, फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही रॉकर हाताने हलले पाहिजेत. बहुतेक छोट्या दोन-व्हॉल्व्ह इंजिनांत गॅप ०.०५ ते ०.१५ मिमीमध्ये असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी. एअर फिल्टर तेलाने चिकट झालेला नको.

अर्धा_थ्रॉटल
यात एक भर. मधल्या स्टँडवर गाडी घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. ब्रेक शू घासत असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल तर अर्धा पिकअप तिथेच खर्च होतो. इतकं साधं असूनही हे सगळ्यात शेवटी तपासलं जातं.

व्हर्नियरताई
पुली उघडायच्या आधी एक चाचणी करून ठेवा, तिला खर्च नाही. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या फेसवर मध्यापासून कडेपर्यंत परमनंट मार्करने सरळ जाड रेघ ओढा. कव्हर नीट बसवा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी पूर्ण वेगापर्यंत न्या, परत येऊन कव्हर उघडा. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असेल. कडेला दोन-तीन मिमी शाई उरली तर गिअर पूर्ण वापरला जातोय. एक सेंटिमीटर किंवा जास्त शाई शिल्लक असेल तर बेल्ट वर चढतच नाही: तो झिजलाय, रोलर फारच हलके आहेत, किंवा मागची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे.

रोलर बदलल्यावर, स्प्रिंग बदलल्यावर, दर वेळी ही रेघ ओढायची. कानाला वाटणारा वेग आणि खरा वेग यांत फार फरक पडतो.

आणि कव्हर काढलेलं असताना इंजिन रेस करू नका. तुटलेला बेल्ट किंवा निसटलेला नट हाताची पर्वा करत नाही.

निळा_धूर
ताई, मार्करची युक्ती भारी. वाचनखूण साठवली.

चढणवाट
सगळ्यांचे आभार. मोजमापं अशी: बेल्ट ७४३-२०-३०, रुंदी १८.७ मिमी. सहापैकी चार रोलर चपटे. काट्यावर वजन १३ ग्रॅमच्या थोडं खाली, आकार १८×१४. टॅपेट घट्ट होते, मॅन्युअलप्रमाणे केले. रेघेची बाहेरची जवळजवळ दीड सेंटिमीटर शाई शाबूत आहे.

बेल्ट नवा घेतोच. रोलर किती ग्रॅमचे घ्यावेत?

पाना_चौदा
आधी तेच १३ ग्रॅमचे नवे टाकून एकदा चालवा, म्हणजे मूळ गाडी कशी होती ते कळेल. मग १२, मग ११. एका वेळी प्रत्येकी एकच ग्रॅम खाली या. सहा रोलर म्हणजे एकूण सहा ग्रॅमचा फरक, तेवढ्यानेही पूर्ण थ्रॉटलची रेस काहीशे आरपीएमने हलते. अर्ध्या ग्रॅमचा टप्पा हवा असेल तर तीन ११ चे आणि तीन १२ चे घ्या, पण एक सोडून एक बसवा, नाहीतर पुली असंतुलित फिरते.

लक्ष्य काय? पूर्ण थ्रॉटलला गाडी वेग घेत असताना रेस इंजिनाच्या कमाल ताकदीच्या आकड्याभोवती स्थिर राहायला हवी. मॅन्युअलमध्ये "कमाल पॉवर ७५०० आरपीएमला" असं लिहिलं असेल तर ७३०० ते ७७०० च्या मध्ये सुई टिकली पाहिजे. त्याच्या खूप वर गेली तर रोलर हलके झाले: आवाज फार, वेग कमी, पेट्रोल जास्त, बेल्ट गरम. शिवाय टॉप स्पीडही जातो, कारण इतके हलके रोलर मागच्या स्प्रिंगवर मात करून बेल्ट कडेपर्यंत चढवूच शकत नाहीत.

उतारू
आरपीएम मोजायचा कशाने? या गाड्यांना टॅकोमीटर नसतो.

व्हर्नियरताई
प्लगच्या वायरीवर चार-पाच वेढे मारायचा छोटा इंडक्टिव्ह टॅकोमीटर मिळतो, तो पुरतो. त्यात एक सेटिंग तपासा. जीवाय६ मध्ये ठिणगी दर फेऱ्याला पडते, एक्झॉस्टच्या स्ट्रोकलाही. मीटर "दोन फेऱ्यांना एक ठिणगी" वर असेल तर आकडा दुप्पट दाखवेल.

दुसरा मार्ग फोनचा. आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपने धावत्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करा. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांना एक, म्हणून आरपीएम भागिले १२० म्हणजे हर्ट्झ. ७५०० आरपीएमला ६२.५ हर्ट्झवर उंच रेघ दिसायला हवी. फोन खिशात, हातात नाही.

वेग जीपीएसवरच बघा. स्कूटरचे मीटर बहुधा खऱ्या वेगापेक्षा जास्तच दाखवतात. चाचणी त्याच चढावर, तेवढ्याच वजनानिशी आणि इंजिन पूर्ण तापल्यावरच घ्यायची.

चक्रधर
आता पुली परत बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण घरी केलेल्या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

रोलर खोबणीत ठेवल्यावर रॅम्प प्लेट आणि व्हेरिएटर एका मुठीत घट्ट धरून ठेवा. मधला बॉस, म्हणजे ज्या नळीवर व्हेरिएटर सरकतो ती, आतून दाबलेली राहिली पाहिजे. शाफ्टवर चढवताना प्लेट जरा जरी मागे सरकली तरी रोलर खोबणीतून निसटून आडवा पडतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण पहिल्याच धावेत प्लेटचा चुरा. रोलरच्या एका टोकाला प्लास्टिकची पूर्ण कड असते आणि दुसऱ्या टोकाला आतली धातूची नळी उघडी दिसते. खोबणीच्या ज्या भिंतीवर जोर येतो तिकडे प्लास्टिकची बाजू हवी. सरकते, चौकोनी धाटणीचे रोलर असतील तर त्यांची दिशा पाकिटावरच्या चित्राप्रमाणेच.

मग मुख्य गोष्ट. बेल्ट आधी मागच्या पुलीत. दोन्ही हातांनी मागच्या पुलीचे फेस फाकवून बेल्ट तिथे पूर्ण खोल दाबा, म्हणजे पुढच्या बाजूला तो ढिला लोंबतो. तो ढिला असतानाच बाहेरचा फेस शाफ्टच्या दात्यांवर बसवा. बेल्ट मागे खोल नसेल तर तो पुढे दोन फेसांच्या मध्ये चिमटला जातो. नट आवळताना टॉर्क रेंच टक् करतो, वाटतं झालं. प्रत्यक्षात नट बेल्टवर आवळलेला असतो, बॉसवर नाही. गाडी हलली, बेल्ट सरकला, की नट सैल. मग फेस दात्यांवर वळवळतो आणि क्रँकशाफ्टचे दाते झिजवतो. तो खर्च इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

खात्री अशी करायची: नट हाताने टेकल्यावर बाहेरचा फेस बॉसला भिडलाय का आणि शाफ्टचे दाते फेसच्या बाहेर पुरेसे दिसतायत का ते बघा. बेल्ट हाताने आडवा हलला पाहिजे. मगच मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, बहुतेक छोट्या गाड्यांत तो ४० ते ६० न्यूटन-मीटरच्या मध्ये असतो. शेवटी मागची पुली हाताने फिरवत राहा, बेल्ट हळूहळू वर येऊन ताठ होईल.

फेस आणि बेल्ट ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे. ग्रीसचा एक ठिपकासुद्धा नको. रोलरही कोरडेच, मूळ पुलीत ग्रीसचं बंद झाकण असेल तरच अपवाद.

अर्धा_थ्रॉटल
नट काढताना पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका. पातं तुटतं, आणि त्याच पंख्यावर बेल्टची हवा अवलंबून आहे. इम्पॅक्ट गनने क्षणात निघतो.

चक्रधर
काढताना गन ठीक. आवळताना गन नको, टॉर्कचा अंदाज येत नाही. पुली धरायचा वाय आकाराचा होल्डर वापरा. तो नसेल तर प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सोडून पिस्टन अडवता येतो, पण कॉम्प्रेशन स्ट्रोकवरच, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना. चुकीच्या स्ट्रोकला दोरी उघड्या व्हॉल्व्हखाली जाते आणि तो वाकतो. दोरीचं दुसरं टोक बाहेरच राहू द्या.

उतारू
निघताना दोन-तीन सेकंद आवाज येतो आणि ओढ नाही, हे मात्र रोलरचं लक्षण वाटत नाही. तो क्लच आहे ना?

अर्धा_थ्रॉटल
बरोबर. क्लच बेल, म्हणजे क्लचवरची वाटी, उघडून बघा; शू म्हणजे तिला आतून घासून पकडणारे तुकडे. आतला पृष्ठभाग निळसर आणि आरशासारखा गुळगुळीत, शू चकचकीत, अशी जोडी असेल तर ती घसरते. शू आणि बेल दोन्ही १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, तिरप्या रेघांनी खरवडा. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडाला मास्क लावा. शूचं अस्तर मॅन्युअलच्या मर्यादेखाली असेल तर सेटच बदला.

शूच्या तीन लहान स्प्रिंगांवर १०००, १५००, २००० असे आकडे लिहून विकतात. त्याचा अर्थ स्टॉकपेक्षा तेवढा आरपीएम वाढेल असा नव्हे, उत्पादकागणिक फरक असतो, रंगही जुळत नाहीत. कडक स्प्रिंगने क्लच उशिरा, वरच्या रेसला पकडतो, म्हणून निघताना गाडी जोरात सुटते. पण गर्दीत सारखं थांबत-निघत असाल तर तोच क्लच प्रत्येक वेळी जास्त घासतो आणि तापतो. रोजच्या गाडीला १००० च्या पुढे जाऊ नये. २००० लिहिलेल्या स्प्रिंग या १२५ ला निव्वळ उष्णता देतील.

निळा_धूर
मला हे सगळं पटतंय, पण मागच्या पुलीतली मोठी स्प्रिंग, म्हणजे कॉन्ट्रा स्प्रिंगही, सोबत कडक घ्या. १५०० ची टाकली की चढावर गाडी गिअर लगेच खाली घेते.

पाना_चौदा
असहमत. कॉन्ट्रा स्प्रिंगचं पहिलं काम बेल्ट घट्ट धरून घसरू न देण्याचं. स्टॉक ताकदीला स्टॉक स्प्रिंग पुरते. १५०० ची टाकलीत की बेल्टवर कायम जास्त दाब, जास्त उष्णता, आणि तिच्यावर मात करायला रोलर पुन्हा जड करावे लागतात. मग हलके रोलर घेऊन मिळवलं काय? बेल्ट पूर्ण चढतोय पण थ्रॉटल सोडून परत दिल्यावर घसरतोय, असं दिसलं तरच १००० ची.

निळा_धूर
मोठा ब्लॉक असेल तर मात्र ती लागतेच, हे तरी मान्य करा.

पाना_चौदा
मोठ्या ब्लॉकला, मान्य.

रविकिरण_मीटर
माझी गाडी इंजेक्शनवाली आहे. रोलर बदलले तर ईसीयूला (पेट्रोल मोजणाऱ्या छोट्या संगणकाला) काही सांगावं लागतं का?

व्हर्नियरताई
नाही. ईसीयू थ्रॉटल किती उघडलाय आणि रेस किती आहे त्यावरून पेट्रोल मोजतं. रोलर बदलल्याने इंजिन त्याच नकाशातल्या वेगळ्या चौकटीत चालतं इतकंच. कार्बोरेटरच्या गाडीतही रोलरसाठी जेट बदलावा लागत नाही. हवा जास्त घेणारा कुठलाही बदल केला, म्हणजे फिल्टर, सायलेन्सर किंवा ब्लॉक, की मात्र प्रश्न येतो. ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू साध्या चालीत सुधारणा करतं, पण पूर्ण थ्रॉटलला ते सेन्सरकडे न बघता ठरलेल्या आकड्यावर जातं. इंजिन लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) ते नेमकं तिथे, जिथे उष्णता सर्वाधिक. त्यासाठी फ्युएल कंट्रोलर किंवा रीमॅप हवा. नुसता सायलेन्सर बदलून सोडू नका.

निळा_धूर
कार्बोरेटरवाल्यांसाठी जेटबद्दल लिहितो. थ्रॉटल पाव भागापर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू, पाव ते पाऊण सुई, पाऊणच्या पुढे मेन जेट. गाडी कुठल्या भागात अडखळते त्यावरून कुठे हात घालायचा ते ठरतं. पूर्ण थ्रॉटलला गुदमरून परत सुटते, थ्रॉटल जरा मिटवला की उलट बरी धावते, तर मेन जेट लहान. पूर्ण थ्रॉटलला जड भरडल्यासारखा आवाज, काळा धूर, तर मोठा. १०५ असेल तर १०८, मग ११०, एकदम १२० नाही.

जीवाय६ च्या सीव्ही कार्बोरेटरचा (ज्यात स्लाइड इंजिनाच्या ओढीने उचलली जाते) मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तो पेट्रोल-हवेचं मिश्रण सोडतो. बाहेर फिरवला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. ज्या कार्बोरेटरमध्ये स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो तिथे बरोबर उलट. हलकेच टेकवून दोन फेरे बाहेर, तिथून सुरुवात.

प्लग वाचायचा तर नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर थोडं धावा, किल स्विचने इंजिन बंद करा, थ्रॉटल मिटवा, कडेला थांबून प्लग काढा. पांढरा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी ठीक. किल स्विच नसेल तर किल्लीने बंद करताना ती लॉकच्या दिशेला जाऊ देऊ नका, हँडल चालत्या गाडीत लॉक होईल.

बेल्ट_बदला
आणि जेट बदलायच्या आधी इनटेक मॅनिफोल्डचं रबर बघा. भेग असेल तर तिथून चोरटी हवा जाते आणि लीनची सगळी लक्षणं दिसतात. जेट मोठा करून भेग बुजत नाही.

कोन फिल्टरबद्दल स्पष्ट बोलायचं तर सीव्ही कार्बोरेटरला तो सोसत नाही. एअरबॉक्समधली शांत हवा गेली की स्लाइड नीट उचलली जात नाही आणि खालची ओढच जाते. धूळ आणि पाणी वेगळंच. स्वच्छ मूळ फिल्टर ठेवा.

चक्रधर
रेसिंग सीडीआयही तसाच. मूळ मर्यादेला रेस पोचतच नसेल तर मर्यादा काढून मिळणार काय? पोचत असेल तर स्टॉक स्प्रिंगांवर व्हॉल्व्ह वरच्या रेसला तरंगू लागतात, वेळेत मिटत नाहीत, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतो.

सहा_रोलर
५० सीसीवाल्यांसाठी अवांतर. १३९ क्यूएमबी या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३९, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४१.४ मिमी, म्हणजे ४९.५ सीसी. ४७ मिमीचा ब्लॉक टाकला की ७१.८, ५० मिमीचा टाकला की ८१.३. त्यामुळे किटवरचे गोल आकडे जसेच्या तसे मानू नका, स्वतः गुणाकार करा. इथे रोलर १६×१३ लागतात. टू-स्ट्रोक असेल तर हिशेबच निराळा, तिथे एक्सपान्शन चेंबरवाला सायलेन्सर खरोखर ताकद वाढवतो, कारण परत येणारी लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा आवाजच जास्त वाढतो.

बऱ्याच देशांत ५० सीसीची गाडी वेगळ्या वर्गात नोंदवलेली असते. ब्लॉक वाढवला किंवा बॉसमधला वेग रोखणारा वॉशर काढला की वर्ग, परवाना आणि विमा तिन्ही बदलतात. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच तपासते.

चढणवाट
बेल्ट, १३ चे नवे रोलर, मग १२, आता ११ ग्रॅम असं करत आलो. बेल आणि शू खरवडले, निघतानाची घसर गेली. सपाटीवर पूर्ण थ्रॉटलला ७४०० टिकतात, रेघ कडेला दोन मिमी सोडून पुसली जाते. पण एक गोष्ट राहिलीच. वेगात चढाला लागलो की रेस ७४०० वरून घसरत ५५०० ला येते आणि तिथेच बसते. थ्रॉटल मिटवून परत दिला तर कधी कधी झटका देऊन वर जाते. आता तरी ब्लॉक मोठा करू का?

व्हर्नियरताई
थांबा. तो झटका महत्त्वाचा आहे. सुरुवातीपासून प्रश्न बहुधा हाच असणार.

मागच्या पुलीच्या आत तिरप्या खाचा असतात, त्यात दोन किंवा तीन पिना सरकतात. यालाच टॉर्क कॅम म्हणतात. चाकावर भार आला की हलता फेस या खाचांतून थोडा वळतो आणि स्थिर फेसच्या जवळ ढकलला जातो. बेल्ट मागे वर चढतो आणि गिअर खाली येतो. चढावर गिअर आपोआप उतरतो तो मुख्यतः याच्यामुळे, नुसत्या स्प्रिंगमुळे नव्हे. ग्रीस वाळून डिंकासारखं झालं किंवा पिनांनी खाचेत खड्डा पाडला, की फेस वळतच नाही. मग थ्रॉटल मिटवून दिलेल्या धक्क्याने तो एकदम सुटतो.

मागची पुली आणि क्लचची जोडी बाहेर काढा. क्लचच्या मागचा मोठा पातळ नट सोडताना जपून, आत कॉन्ट्रा स्प्रिंग दाबलेली आहे. लांब बोल्ट आणि पट्टीने किंवा मोठ्या क्लँपने जोडी दाबून ठेवा, नट निघाल्यावर क्लँप हळूहळू ढिला करा. स्प्रिंग निघाली की खाचांवरची नळी वर सरकवून पिना काढा. जुनं ग्रीस पूर्ण धुवा. पिनेवर नखाला लागेल इतकी पायरी असेल तर पिना बदला. खाचेतच खड्डा असेल तर हलता फेस बदला. ओ-रिंगा आणि दोन्ही सील नव्या घाला. उच्च तापमानाचं ग्रीस खाचांत पातळ थराने भरा, काही ग्रॅमच पुरतं. जास्त झालं तर ते फिरताना बाहेर उडून बेल्टवर जातं. जोडल्यावर दोन्ही फेस हातांनी उलटसुलट पिळून बघा, अडथळा न येता वळून स्प्रिंगने परत आले पाहिजेत.

पाना_चौदा
ताईंना पूर्ण अनुमोदन. आणि ब्लॉकचं विचारलंतच म्हणून हिशेब देऊन ठेवतो. तुमचा ५२.४×५७.८, १२४.६ सीसी. ५७.४ चा ब्लॉक टाकला की १४९.६. मूळ कॉम्प्रेशन ९.२ धरलं तर ज्वलनकक्ष १५.२ सीसीचा. तेच हेड आणि तसाच पिस्टनचा माथा ठेवला तर नवं कॉम्प्रेशन १०.८. एअर-कूल्ड इंजिनात चढावर, उन्हात, डबलसीट, नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची) शक्यता तिथेच. म्हणजे हेड, जेट, रोलर, कॉन्ट्रा स्प्रिंग सगळं नव्याने. रिंगांचा गॅप सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलरने मोजायचा, तिन्ही तोंडं १२० अंशांवर, पिनेच्या सर्क्लिपचं तोंड वर किंवा खाली, पिस्टनवरची खूण मॅन्युअलप्रमाणे. हेडचे नट आडवे-तिरपे, टप्प्याटप्प्याने. हे सगळं घरी होतं, पण आधीचं ट्रान्समिशन निर्दोष असेल तरच.

अर्धा_थ्रॉटल
आणि ब्रेक. ५० च्या जागी ६५ ने जाऊ लागलात तर थांबवायची ऊर्जा १.६९ पट. ब्लॉकच्या आधी शू आणि टायर.

चढणवाट
मागची पुली उघडली. ताईंनी लिहिलं तसंच, ग्रीस काळं आणि कडक, एक पिन खाचेत हाताने हलत नव्हती. पिनांवर पायरी होती, खाचा ठीक. पिना, ओ-रिंगा, सील नव्या घातल्या. आता चढाला रेस ७४०० वरून ७००० पर्यंत येते आणि तिथे टिकते. थ्रॉटल मिटवायची गरज पडत नाही. ब्लॉक तूर्त बाजूला.

११ ग्रॅम ठेवू की ११.५ करून बघू? सपाटीवर आवाज थोडा जास्त वाटतो.

पाना_चौदा
कॅम मोकळा झाल्यावर भाराखाली गिअर आता स्वतःच खाली येतो, म्हणून रोलर थोडे जड चालतील. तीन ११ चे, तीन १२ चे, एक सोडून एक. चढावर ६८०० च्या खाली गेली तर परत ११.

चक्रधर
रोलर बदलायला कव्हर उघडाल तेव्हा पुढचा आणि मागचा नट टॉर्क रेंचने तपासून घ्या. नवा बेल्ट पहिल्या धावांत बसतो, त्यानंतर एकदा बघितलेलं बरं. नटावर आणि शाफ्टच्या टोकावर मार्करने एक सरळ खूण करून ठेवा, पुढच्या वेळी नट सरकलाय का ते लगेच दिसेल.